रथावरून उतरलेला सेनापती

(शास्त्रपाठ : २ राजे ५:१–२१, लूक १३:१–५, योहान १३:१–१७, ३ योहान. पाठ करण्याचे वचन : याकोब ४:६)

गर्वाविषयी उपदेश करणे फार सोपे आहे, कारण ऐकणारा प्रत्येक जण तो उपदेश आपल्या शेजाऱ्यास लागू करतो. मंडळीत ह्या विषयावर बोलू लागलो म्हणजे माना डोलावणारे पुष्कळ दिसतात, आणि त्यांचे डोळे मात्र पलीकडच्या ओळीत बसलेल्या कोणाकडे तरी वळलेले असतात. उपदेश करणाराची गत ह्याहून निराळी नसते; त्याच्याही मनासमोर कोणी एक हटवादी पंच किंवा मानभावी वडील उभा असतो. म्हणून ह्या पाठात फारो, हामान, नबुखद्नेस्सर ह्यांस आपण बाजूस ठेवू. ते राजे व प्रधान होते. त्यांचे पतन वाचून आपणास भय वाटण्याऐवजी बरेच वाटते, कारण आपल्या दारी हत्ती झुलत नाहीत. आपण अरामी सेनापती नामान ह्याच्याकडे पाहू. तो वाईट मनुष्य नव्हता, आणि म्हणूनच त्याची गोष्ट आपल्या उपयोगाची आहे.

शास्त्र त्याच्याविषयी आरंभी सर्व चांगलेच सांगते. तो शूर होता, धन्याच्या मर्जीतला होता, आणि अरामास जो जय मिळाला तो परमेश्वराने त्याच्याच हातून दिला होता. एवढे सांगून झाल्यावर कळते की त्याच्या अंगावर कुष्ठ होते. (येथे उपदेशकांनी एक गोष्ट स्पष्ट सांगावी. कुष्ठरोग हा इतर रोगांसारखाच एक रोग आहे, तो औषधाने पूर्ण बरा होतो, आणि तो झालेल्या मनुष्यास कोणी विशेष पापी समजू नये. ह्या अध्यायाचा आधार घेऊन कोणी रोग्यास दूर लोटील तर त्याने अध्याय वाचलाच नाही असे म्हणावे लागेल.)

आता त्याचे बरे होणे कोणाकोणाच्या हातून घडले ते पाहा. पहिला शब्द एका पकडून आणलेल्या धाकट्या इस्राएली मुलीचा. ती नामानाच्या बायकोची दासी. तिचे नाव शास्त्रात नाही. नंतर अरामाचा राजा मध्ये पडतो, आणि त्यास सुचते ते एवढेच की दुसऱ्या राजास पत्र लिहावे. पत्राबरोबर नामान दहा किक्कार रुपे, सहा हजार शेकेल सोने व दहा पोशाख घेऊन निघतो. इस्राएलाचा राजा पत्र वाचून आपली वस्त्रे फाडतो, कारण ह्यात लढाईची कुरापत आहे असे त्यास वाटते. दोन राजे झाले, आणि दोघांच्या हातून काही झाले नाही. ज्यांनी त्यास यार्देनेपर्यंत पोहोचविले ते म्हणजे ती मुलगी, अलीशाचा निरोप्या आणि नामानाचे स्वतःचे चाकर. त्यांपैकी एकाचेही नाव लिहून ठेवलेले नाही.

नामान आपले घोडे व रथ घेऊन अलीशाच्या दारापुढे येऊन उभा राहिला. अलीशा बाहेर आला नाही. त्याने चाकराकरवी सांगून पाठविले की यार्देनेत जाऊन सात वेळा स्नान कर. ह्यावर नामानास संताप आला, आणि तो का आला हे त्याच्याच तोंडून कळते. संदेष्टा बाहेर येईल, माझ्यासमोर उभा राहील, आपल्या देवाचे नाव घेऊन रोगाच्या जागेवरून हात फिरवील, असे त्याने मनाशी धरले होते. बरे होण्याची आशा धरून तो आला होता हे खरे. पण त्याबरोबरच आपले स्वागत कसे व्हावे ह्याचेही एक चित्र त्याने मनात रंगवून आणले होते. ते चित्र पुसले गेले तेव्हा रोग बरा होण्याचा उपाय हाती आलेला असूनही तो रागाने परत फिरला.

अशी चित्रे आपण सर्व जण रंगवितो. मी माझेच सांगतो. सेवेच्या पहिल्या वर्षांत मी एका खेड्यात प्रभुभोजनाकरिता गेलो होतो. त्या गावी लिंबाखाली माझ्याकरिता नेहमी एक खुर्ची मांडलेली असे. त्या दिवशी पाहतो तो त्या खुर्चीवर एक वृद्ध गृहस्थ बसलेले, आणि मला सतरंजी दाखविण्यात आली. मी बसलो, तोंडाने काही बोललो नाही. परंतु उपदेश नेहमीच्या निम्माच केला, तोही कोरडा, आणि विषय होता फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय! संध्याकाळी एस. टी.च्या थांब्यापर्यंत पोहोचवावयास आलेल्या उपदेशकाने विचारले, “पाळकसाहेब, आज प्रकृती बरी नव्हती का?” मी म्हणालो, डोके दुखत होते. मग तो सहज म्हणाला की म्हाताऱ्याचे पाय सुजले आहेत, खाली बसता येत नाही, तरी भोजन चुकू नये म्हणून मुलाने पाठीवर घेऊन आणले. म्हणजे एका खुर्चीसाठी मी प्रथम रुसलो, मग मंडळीचा उपदेश कापला, आणि शेवटी खोटेही बोललो. ख्रिस्त आपणास रिक्त करून दासाचे रूप घेतो, हे त्या दिवशी माझ्या ओठांवर होते.

नामानाच्या रागाचे दुसरे कारण नदी. दमास्कसच्या अबाना व परपर ह्या नद्या इस्राएलातील सर्व पाण्याहून चांगल्या नाहीत काय, असे तो विचारतो. ह्यात खोटे काही नव्हते. यार्देन गढूळ व नागमोडी नदी आहे. श्रावणात नांदेडच्या घाटावर गोदावरीचे पात्र पाहिलेल्या मनुष्यास यार्देन दाखविली तर तोही हेच म्हणेल. गर्वाचे बोलणे बहुधा खोटे नसते, आणि म्हणूनच ते पटते. आमची नदी मोठी आहे, आमचे घराणे जुने आहे, आमच्या आजाने ह्या गावात प्रथम बाप्तिस्मा घेतला आहे: हे सर्व खरे असते, पण त्याने कुष्ठ जात नाही. २०१६ च्या एप्रिलात लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या दिवसांत मिरजेकडचे पाणी गोड की आपल्या मांजरेचे गोड, असा वाद घालण्याची कोणास सोय नव्हती. घागर घेऊन रांगेत उभे राहणे एवढेच हाती होते. गरज खरी असली म्हणजे तुलना संपते. नामानाची गरज खरी होती, पण ती त्यास अजून पुरती कळली नव्हती.

ती चाकरांनी कळविली. ते त्यास आदराने ‘बापा’ म्हणून हाक मारतात आणि विचारतात की, संदेष्ट्याने एखादे मोठे काम सांगितले असते तर आपण ते केले नसते काय? ह्या प्रश्नात त्यांनी धन्याचे मन अचूक ओळखले आहे. गर्विष्ठ मनुष्य मोठी कामे करू शकतो. तो मंदिरास घंटा देईल, तिच्यावर नाव कोरवील. चाळीस दिवस उपास करील. भर उन्हात वीस कोस चालेल. फक्त लहान काम त्याच्याने होत नाही. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या घरी जाऊन चहा पिणे, चुकलो असे बायकोस म्हणणे, धाकट्या उपदेशकाने दाखविलेली हिशेबातील चूक मान्य करणे, ही कामे त्यास डोंगराएवढी वाटतात. नामानाने मात्र चाकरांचे ऐकले, आणि माझ्या मते त्याचे बरे होणे पाण्यात उतरण्यापूर्वी, तेथेच सुरू झाले.

त्याने एकदा नव्हे, सात वेळा बुडी मारली. पहिल्या बुडीनंतर, तिसऱ्या बुडीनंतर त्याच्या अंगाकडे पाहून चाकरांस काय वाटले असेल? शास्त्र तेथे काही बोलत नाही. परंतु आपला अनुभव हाच आहे की अभिमान एका बुडीत जात नाही. लक्ष्मीबाई टिळक ह्यांनी आपल्या ‘स्मृतिचित्रे’ ह्या पुस्तकात ही गोष्ट मोठ्या खुलेपणाने लिहिली आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक ह्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. काही वर्षांच्या वियोगानंतर बाई पतीजवळ राहावयास आल्या, तरी सोवळे सुटले नव्हते. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. ते वेगळेपण हळूहळू, एकेक करीत गेले, आणि ते जाताना आपण किती अडखळलो हे त्यांनी झाकून ठेविले नाही. उलट त्या स्वतःवरच हसल्या आहेत. आपल्या गर्वास हसता येणे ही मला पाचवी की सहावी बुडी वाटते.

आता ह्या अध्यायातील एका बारीक शब्दाकडे लक्ष द्या, कारण तो बहुधा वाचता वाचता सुटतो. आरंभी नामान संदेष्ट्याच्या दारी रथ व घोडे ह्यांसह उभा होता, आणि संदेष्टा बाहेर आला नाही म्हणून त्यास अपमान वाटला. बरा होऊन स्वदेशी परत जात असता मागून अलीशाचा चाकर गेहजी धावत येताना त्यास दिसला. तेव्हा एकविसाव्या वचनात असे आहे की नामान त्यास भेटावयास रथावरून खाली उतरला. जो संदेष्ट्याने बाहेर यावे म्हणून अडून बसला होता, तो त्याच संदेष्ट्याच्या चाकरासाठी रथ थांबवून जमिनीवर पाय ठेवतो, आणि सर्व काही कुशल आहे ना म्हणून विचारतो. त्याची कातडी लहान मुलासारखी झाली हे शास्त्र सांगते. मनही तसेच झाले हे त्या उतरण्यावरून दिसते. (गेहजीची पुढची गोष्ट लोभाची आहे; ती दुसऱ्या पाठासाठी ठेवू.)

नम्रता म्हणजे हे उतरणे. ज्यास रथ आहे त्याने, कोणी न ओढता, दुसऱ्यासाठी खाली येणे. आपल्या मराठवाड्यात ह्याचे एक मोठे उदाहरण होऊन गेले, आणि आजच्या तरुणांस ते फारसे ठाऊक नाही म्हणून येथे सांगतो. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घराण्यातील तरुण मुंबईत मिशनच्या शाळेत शिकत असता १८४३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यामुळे मुंबईत मोठी खळबळ उडाली. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्याकडे गेला होता. न्यायालयाने त्यास बापाच्या स्वाधीन केले. पुढे त्या मुलास जातीत परत घ्यावे की न घ्यावे, ह्यावर ब्राह्मणांतच तट पडले. असा वाद ज्यांच्या घरावरून झाला, त्या शेषाद्रींनी पाळकपणाची दीक्षा घेतल्यावर निजामच्या राज्यात जालन्याकडे सेवा केली. आणि ती प्रामुख्याने कोणात, तर त्या काळी ज्यांना मांग म्हणत त्या मातंग समाजात, ज्याची सावलीही गाव टाळीत असे. हैदराबादचे दिवाण सालार जंग ह्यांच्याकडून त्यांस जमीन मिळाली, आणि तीवर जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती उभी राहिली. १८७३ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या मोठ्या ख्रिस्ती परिषदेत त्यांचे भाषण झाले. स्कॉटलंडातही लोक त्यांस ऐकावयास येत. असे मानाचे रथ मिळाले असता ते बेथेलच्या लोकांकडे परत येत राहिले. १८९१ साली त्यांचा अंत झाला. ते उतरले ते दया म्हणून पैसा फेकण्यासाठी उतरले नाहीत. ते जाऊन त्या लोकांमध्ये राहिले.

नामान नदीस नदी लावून मोजत होता हे आपण वर पाहिले. ह्या मोजण्याचे एक रूप फार भयंकर आहे, आणि ते दुःखाच्या वेळी दिसते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी, सास्तूर व आसपासच्या गावांत भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपतीचे विसर्जन झाले होते. लोक थकून घरांत निजले होते. हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. त्या भागातील जुनी घरे कशी होती हे आपणांपैकी वृद्धांस ठाऊक आहे. दगड-मातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाड भिंती. वर लाकडाच्या पाटणीवर मातीचे माळवद. आणि ते गळू नये म्हणून त्यावर घातलेले मातीचे नवे थर. किती खणांचे घर ह्यावरून घराण्याची पत ठरे. धरणी हलली तेव्हा बाहेरचा व आतला दगड एकमेकांस बांधणारा जोडदगड भिंतीत नसल्यामुळे भिंती दोहींकडे फुटल्या, आणि माळवदाचा सारा भार खाली आला. गावाबाहेर कुडाच्या छपरात निजलेले पुष्कळ लोक मात्र वाचले, कारण त्यांच्या डोक्यावर पडण्यासारखे जड काही नव्हते.

आता ह्यावर उपदेश करण्याचा मोह किती मोठा आहे पाहा. देवाने वाडे पाडिले, झोपड्या राखिल्या. गर्विष्ठांस खाली ओढिले, दीनांस उचलिले! वाक्य कानास गोड लागते आणि मरियेच्या गीताचा आधारही मिळाल्यासारखा वाटतो. परंतु बंधूंनो, असे कोणी बोलेल तर त्यास थांबवा. त्या भिंतींखाली तान्ही मुले होती, मजूर होते, गडी होते. लहान घरेही दगड-मातीचीच असल्याने तीही पडली. शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे मेली तेव्हा आपल्या प्रभूस हाच प्रश्न होता, आणि ते मेलेले लोक यरुशलेमेत राहणाऱ्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होते हा विचार त्याने साफ नाकारला. मग विचारणारांकडे वळून त्यांसच पश्चात्ताप करावयास सांगितले. बुरूज का पडला हे गवंड्याने सांगावे. मी वाचलो म्हणजे मी बरा, हा निकाल मनाने दिला की मंदिरात जकातदाराकडे बोट दाखवून प्रार्थना करणारा परूशी आपणच झालो. वाचलेल्याचा गर्व हा सर्वांत निष्ठुर गर्व होय.

येथे आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. आपल्या पुष्कळ मंडळ्यांतील लोकांचे वाडवडील पिढ्यानपिढ्या वेठीस धरले गेले. त्यांनी जोहार घातला, चावडीबाहेर उभे राहिले, पायांतील वहाणा हातात घेऊन गावातून चालले. अशा लोकांस नम्र व्हा असे सांगताना पाळकाने फार जपून बोलावे. ज्यास उतरावयास रथच कधी मिळाला नाही त्यास उतर म्हणणे ही चेष्टा आहे. लाचारी म्हणजे नम्रता नव्हे. पौल व सीला ह्यांस फिलिप्पै येथे फटके मारून तुरुंगात टाकले, आणि सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप निघून जा म्हणून निरोप पाठविला. तेव्हा पौलाने सांगितले की आम्ही रोमी नागरिक आहो, त्यांनी स्वतः येऊन आम्हांस बाहेर न्यावे (प्रेषित १६). ज्या फिलिप्पैकरांस तो पुढे नम्रतेचा तो थोर अध्याय लिहितो, त्यांच्याच शहरात हे घडले. आणि योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू शिष्यांचे पाय धुण्यास उठतो, त्यापूर्वीचे वाक्य वाचा: आपण देवापासून आलो व देवाकडे जातो हे त्यास ठाऊक होते. ते ठाऊक असूनच त्याने रुमाल कमरेस बांधला. ताठ उभे राहता येते त्याचेच वाकणे सेवा होते. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वारात आपले शीख शेजारी येणाराजाणाराचे जोडे सांभाळतात, लंगरातील भांडी घासतात, आणि तेथे लहानथोर एका पंगतीस बसून जेवतात. आपण ते नुसते पाहून येऊ नये.

कारण आपली पंगत कशी आहे? एकेकाळी ज्यास महारवाडा म्हणत व ज्यास मांगवाडा म्हणत, अशा दोन वस्त्यांतून आलेले लोक अनेक गावी एकाच मंडळीत आहेत. दोघांनाही गावाने बाहेर ठेविले होते. तरी सोयरीक जुळविताना, प्रेत उचलताना, पंच निवडताना, एवढेच काय पण प्रभुभोजनाचा प्याला आधी कोणाच्या हाती जावा ह्यातही जुना तराजू हळूच बाहेर निघतो. वरच्यांनी आपणांस मोजले त्याचे दुःख आपण सांगतो, आणि त्याच मापाने दुसऱ्यास मोजतो. करिंथच्या मंडळीत हेच झाले होते. कोणी आधी जेवून तृप्त, कोणी उपाशी, आणि नाव मात्र प्रभूच्या भोजनाचे. तिसऱ्या योहानात दियत्रफेस नावाचा एक मनुष्य आहे. त्याच्यावर चोरीचा किंवा व्यभिचाराचा आरोप नाही. त्यास मंडळीत पहिली जागा हवी असे, एवढेच. त्यापायी तो आलेल्या बंधूंस घरात घेत नसे, आणि घेणारांस मंडळीबाहेर काढीत असे. असा मनुष्य परगावी शोधावा लागत नाही. पौल तीमथ्यास म्हणतो की नवशिष्यास अध्यक्ष करू नये, तो गर्वाने फुगेल (१ तीमथ्य ३:६). पण जुन्या शिष्यांची कथा त्याहून सुखाची आहे असे मला सेवेच्या इतक्या वर्षांत दिसले नाही.

उपदेशकांस एक विनंती. हा पाठ शब्बाथशाळेत घेताना मुलांकडून नामानाचा प्रवास जमिनीवर रेघोट्यांनी काढून घ्यावा: दमास्कस, शोमरोन, अलीशाचे दार, यार्देन, आणि पुन्हा अलीशाचे दार. शेवटी परतीची वाट काढून तीवर एक रथ काढावा, आणि मुलांस विचारावे की एका चाकरासाठी नामान रथावरून का उतरला. मोठ्यांनी मध्ये बोलू नये. मोठ्यांच्या सभेत ३ योहान मोठ्याने वाचून घ्यावे. ते अवघे एका अध्यायाचे पत्र आहे. आणि येत्या प्रभुभोजनाच्या वेळी कोण कोठे बसतो हे पाळकाने व पंचांनी, कोणास काही न सांगता, एकदा पाहून घ्यावे. खुर्ची असल्यास ती पाय सुजलेल्या मनुष्यास द्यावी.